ऑब्जेक्ट जागेवरच राहतं, जातात ते बाइट

आजचं पान पुन्हा सिरियलायझेशनवर, म्हणजे प्रोग्रामच्या मेमरीतलं ऑब्जेक्ट (एकत्र बांधलेला डेटा) साठवता किंवा पाठवता येईल अशा बाइटांत उतरवण्यावर. एका प्रोग्रामने विंडोजवर ऑब्जेक्ट लिहायचं आणि दुसऱ्याने ते लिनक्सवर वाचायचं, या कामात एक गोष्ट विसरली की पुढचं सगळं चुकत जातं: ऑब्जेक्ट कुठेच जात नाही. जातात ते बाइट. त्यांवरून पलीकडचा प्रोग्राम स्वतःचं नवं ऑब्जेक्ट उभं करतो. म्हणून करार ठरवायचा तो बाइटांचा, क्लासचा नव्हे.

विषय निघाला की पहिली धास्ती असते बाइटांच्या क्रमाची, बिग एंडियन (मोठ्या किमतीचा बाइट आधी) की लिटल एंडियन (लहान किमतीचा आधी). मला ती जरा फुगवलेली वाटते. एक्स८६ (इंटेल, एएमडी) आणि आजचे बहुतेक एआरएम संगणक, दोन्ही लिटल एंडियनच चालतात. शिवाय साध्या संख्येत क्रम उलटला तर ती चूक सहसा लपत नाही. ३२ बिटांचा १ पाठवला तर पलीकडे १,६७,७७,२१६ येतो. कोणाच्याही लगेच लक्षात येतं. क्रम एकदा लिहून ठेवावा आणि पुढे जावं.

जास्त छळतो तो सी भाषेतला लाँग हा पूर्णांकाचा प्रकार. ६४ बिट लिनक्स आणि मॅकओएसवर तो ८ बाइटांचा, ६४ बिट विंडोजवर ४ बाइटांचा. प्रोसेसर तोच असला तरी. एक कॅरॅक्टर (१ बाइट) आणि एक लाँग असं स्ट्रक्चर (फील्डांचा गट) लिनक्सवर १६ बाइट घेतं, विंडोजवर ८. लाँग सोयीच्या पत्त्यावर बसावा म्हणून कंपायलर मधल्या जागेत पॅडिंग, म्हणजे न वापरलेले बाइट, भरतो, एकीकडे ७ बाइट, दुसरीकडे ३. हे स्ट्रक्चर सीच्या एफराइट या फंक्शनने जसंच्या तसं फाइलमध्ये ओतलं की पहिल्या फील्डनंतरचं सगळं सरकलं. त्यात पॅडिंगमध्ये मेमरीतला जुना कचरा असू शकतो. तो बाहेर गेलेला बरा नाही, आणि तोच डेटा दोनदा लिहून हॅश (डेटावरून काढलेला ठसा) जुळवायला गेलं तर जुळेलच असं नाही. पॅकिंगचा प्रॅग्मा (कंपायलरला दिलेली सूचना) लावला की पॅडिंग जातं, लाँगची रुंदी मात्र तशीच राहते. कंटाळवाणा उपायच खरा: ठरलेल्या रुंदीचे पूर्णांक वापरायचे आणि एकेक फील्ड वेगळं लिहायचं.

संख्या बाइटांत बांधणारं पायथॉनचं स्ट्रक्ट मॉड्यूलही याच खड्ड्यात पडतं. फॉरमॅटच्या सुरुवातीला '<' किंवा '>' सारखं चिन्ह नसेल तर ते त्या मशीनची रुंदी आणि पॅडिंग घेतं. एक बाइट आणि एक लाँग ६४ बिट लिनक्सवर १६ बाइट भरतात. '<' लावलं की सगळीकडे ५.

स्ट्रिंगचं वेगळंच. सीचा वाइड कॅरॅक्टर (युनिकोड अक्षरांसाठीचा प्रकार) विंडोजवर २ बाइटांचा, लिनक्सवर ४ बाइटांचा, तेव्हा तो फाइलमध्ये जाऊच देऊ नये. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) घ्यायचं, आधी लांबी, मग मजकूर. लांबी बाइटांत मोजायची, अक्षरांत नाही. 'नमस्कार' यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट आहे, यूटीएफ-१६ मध्ये १४. इंग्रजी मजकुरावर केलेल्या चाचणीत अक्षरं आणि बाइट सारखेच भरतात, म्हणून ही चूक उशिरा सापडते.

त्याहून खोडकर म्हणजे टेक्स्ट मोड. विंडोजवर फाइल बायनरी मोडमध्ये उघडली नाही तर लिहिताना १० किमतीच्या (नव्या ओळीच्या) प्रत्येक बाइटाआधी १३ किमतीचा एक बाइट घुसतो, आणि सीच्या लायब्ररीने वाचताना २६ किमतीचा बाइट आला की फाइल संपली असं समजलं जातं. डेटात १० येईपर्यंत सगळं सुरळीत. मग एके दिवशी कुठल्यातरी नोंदीची संख्या १० होते आणि फाइल मोडते. पाइपमधून बाइट पाठवताना स्टँडर्ड आउटपुटलाही हेच लागू, तिथेही मोड हाताने बदलावा लागतो.

तयार यंत्रणांपैकी जावाची ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्याने मोडत नाही. प्रवाह कायम बिग एंडियन, लाँग कायम ८ बाइटांचा. तिथे नडतो सिरियल व्हर्जन यूआयडी, म्हणजे क्लासची आवृत्ती ओळखणारा क्रमांक. तो क्लासमध्ये लिहिला नाही तर क्लासच्या तपशिलांवरून काढला जातो, आणि एखादी मेथड वाढवली तरी बदलू शकतो. पायथॉनच्या पिकल या सिरियलायझेशनच्या मॉड्यूलमध्ये वेगळी गंमत: लिनक्सवर पाथ ऑब्जेक्ट (फाइलचा पत्ता) पिकल केलं तर आत पॉसिक्सपाथ हा क्लास जातो, आणि विंडोज तो बनवायला नकार देतं. पाथ साधी स्ट्रिंग म्हणून पाठवावा. अनोळखी ठिकाणाहून आलेलं पिकल तर उघडूच नये, उघडताना त्यातला कोड चालू शकतो.

जीयूआयडी (१६ बाइटांचा ओळखक्रमांक) पाठवताना डॉटनेट आणि जावा भांडतात. डॉटनेट बाइट काढताना पहिले तीन भाग लिटल एंडियन लिहितं, जावात सगळे सरळ क्रमाने असतात. १६ बाइटांपैकी ८ उलटसुलट होतात आणि तरी निकाल वैध जीयूआयडीच दिसतो. वेळेचंही तसंच: विंडोजचा फाइलटाइम १६०१ पासून १०० नॅनोसेकंदांच्या पटीत मोजतो, युनिक्स १९७० पासून सेकंदांत. दोन आरंभांत ११,६४,४४,७३,६०० सेकंदांचं अंतर.

जेसन (डेटा मजकूर म्हणून लिहायची पद्धत) घेतलं की यातलं बरंच सुटतं. तरी ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढचे पूर्णांक जावास्क्रिप्टच्या साध्या नंबरमध्ये अचूक राहतीलच असं नाही. मोठे आयडी स्ट्रिंग म्हणून द्यावेत. प्रोटोबफ (गूगलची बायनरी पद्धत) मला जास्त आवडतं, कारण तिथे फील्डचा क्रमांक हाच करार असतो. काढून टाकलेला क्रमांक राखीव ठेवायचा, पुन्हा वापरायचा नाही. ऋण संख्या जास्त असतील तर त्या थोड्या बाइटांत बसवणारा झिगझॅग प्रकार घ्यावा, साध्या इंट३२ मध्ये उणे १ देखील १० बाइट खातो. मात्र प्रोटोबफचा संदेश स्वतःची लांबी सांगत नाही, आणि नेटवर्कवर बाइटांचा प्रवाह नेणाऱ्या टीसीपीला संदेशांच्या सीमा माहीत नसतात. एकदा पाठवलेले १००० बाइट पलीकडे ६०० आणि ४०० असे येऊ शकतात. आधी ४ बाइटांत लांबी, मग तेवढे बाइट हाती येईपर्यंत लूपमध्ये वाचन. लांबीला कमाल मर्यादाही घालावी, नाहीतर एक बिघडलेली संख्या ४ जीबी मेमरी मागेल.

चाचणीसाठी प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमवर लिहिलेली एकेक नमुना फाइल रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) ठेवून दुसऱ्या बाजूने ती रोज वाचून बघावी. तिच्यात मुद्दाम १०, २६, उणे १, वरच्या त्या मोठ्या संख्येहून १ ने मोठी संख्या, रिकामी स्ट्रिंग आणि एक देवनागरी स्ट्रिंग असावी. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटला ती फाइल बायनरी आहे हे ॲट्रिब्यूट्समध्ये सांगावं, नाहीतर ओळींचे शेवट बदलण्याच्या नादात तीच बिघडू शकते.