मायनस तीनवाले काका

ठाण्याच्या नौपाड्यात आमचं चष्म्याचं दुकान आहे. डॉक्टरांचा कागद काउंटरवर ठेवला की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "नंबर खूप आहे का हो?" आई-वडील बरोबर असतील तर लगेच मोबाइलचा उद्धार होतो. मी म्हणतो, 100 ला नंबराने भागा. मायनस 4 असेल तर उत्तर 25. म्हणजे चष्म्याशिवाय 25 सेंटीमीटरपर्यंतचं स्वच्छ दिसणार, त्यापुढचं धूसर. नंबर म्हणजे एवढाच हिशेब.

डोळ्याची एकूण ताकद साधारण 60 डायॉप्टर; चष्म्याचा नंबरही याच मापात असतो. सगळं श्रेय आतल्या भिंगाला दिलं जातं, पण प्रकाश सर्वात जास्त वाकतो तो हवेतून पारपटलात, म्हणजे डोळ्याच्या अगदी पुढच्या पारदर्शक थरात, शिरताना. जवळपास दोन तृतीयांश काम तिथेच उरकतं. डोळ्याचा गोळा एखादा मिलिमीटर लांब असला, तरी प्रतिमा डोळ्यामागच्या पडद्याच्या अलीकडेच पडते आणि अडीच-तीनचा मायनस नंबर लागतो.

काच तपासायला दुकानात मशीन आहे. तरी वडिलांनी शिकवलेली रीत मी सोडलेली नाही. काच हातभर लांब धरायची आणि समोरच्या कॅलेंडरवरची रेघ बघत हळूच वर-खाली करायची. रेघ काचेबरोबर सरकली तर मायनस, उलट पळाली तर प्लस. काच जागच्या जागी फिरवताना रेघ तिरपी झाली, की समजायचं सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेत लागणारा नंबर, आहे.

परवा तलावपाळीचा फेरफटका आटोपून एक काका-काकू आले. काकांची साठी उलटलेली, दोन्ही डोळ्यांना मायनस 3.

"यांना प्रोग्रेसिव्ह द्या, लांबचं-जवळचं एकाच काचेत. पेपर वाचायला चष्मा काढतात आणि मग घरभर शोधत बसतात," काकू म्हणाल्या.

"मला असंच छान दिसतं," काका.

काकांचं बरोबर होतं. चाळिशीनंतर आतलं भिंग कडक होत जातं, जवळचं बघायला फुगत नाही. इतरांना त्यासाठी प्लसची काच लागते. काकांना 100 भागिले 3, म्हणजे 33 सेंटीमीटरवरचं उघड्या डोळ्यांनी दिसतं आणि पेपर आपण साधारण तिथेच धरतो. प्रोग्रेसिव्ह गळ्यात मारली असती तर मला चार पैसे जास्त सुटले असते, पण काकांना गरज नव्हती.

काकूंनी मग चष्म्याची दोरी घेतली. काळी नको म्हणाल्या, लाल द्या, सोफ्यावर पडली तरी सापडेल.