आमची वाटचाल : बिलं मेलवर पोचवताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्र्या, मशीनशॉप हे आमचे पहिले ग्राहक. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. बिल हातात असल्याशिवाय समोरच्या पार्टीला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेता येत नाही, त्यामुळे बिलं वेळेत पोचवण्याची निकड वाढली. त्यातूनच आमचं काम उभं राहिलं : टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघालेली बिलं रात्रीतून मेल करणारी आणि आलेल्या मेलमधून परचेस ऑर्डर उचलणारी स्क्रिप्ट, म्हणजे पायथन भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्राम.

कारखानदार आपल्या मेलचा पासवर्ड आमच्या हवाली करतो, ही जबाबदारी आम्हाला मोठी वाटते. मेल पाठवायला आम्ही सर्व्हरचं ४६५ आणि वाचायला ९९३ पोर्ट (जोडणीचं क्रमांक दिलेलं दार) वापरतो, म्हणजे पहिल्या क्षणापासून टीएलएस, अर्थात जोडणीवरचं सांकेतिक कुलूप. मेल पाठवायच्या ५८७ या दुसऱ्या पोर्टवर जोडणी आधी उघडी असते, टीएलएस सुरू करण्याची आज्ञा (स्टार्टटीएलएस) नंतर होते. मध्ये बसलेला कोणी ती सोयच लपवू शकतो. ५८७ वापरावंच लागलं आणि तिथे टीएलएस मिळालं नाही, तर आमची स्क्रिप्ट पासवर्ड न देता थांबते.

खरी मेख वेगळीच आहे. पायथनच्या एसएमटीपी (मेल पाठवणाऱ्या) आणि आयमॅप (मेल वाचणाऱ्या) लायब्ररींना एसएसएल कॉन्टेक्स्ट, म्हणजे टीएलएसच्या तपासणीचे नियम, दिला नाही, तरी टीएलएस जोडलं जातं, पण सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्र, तपासलंच जात नाही. पासवर्ड कुलूपबंद जातो खरा, पण कोणाकडे? म्हणून ‘क्रिएट डीफॉल्ट कॉन्टेक्स्ट’ने बनवलेला कॉन्टेक्स्ट आमच्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये असतोच. तो सर्टिफिकेट आणि त्यावरचं नाव, दोन्ही तपासतो.

एका कारखान्यात यावरून बिलं अडली. शेअर्ड होस्टिंगवर (अनेक ग्राहकांच्या सामायिक सर्व्हरवर) सर्टिफिकेट होस्टिंगवाल्याच्या नावाचं होतं, सेटिंगमध्ये नाव कारखान्याच्या डोमेनचं. “तपासणी बंद करा, पण बिलं जाऊ द्या,” असा मालकांचा आग्रह. आम्ही नम्रपणे नकार दिला, सर्टिफिकेटवरचं सर्व्हरचं नाव सेटिंगमध्ये टाकलं आणि बिलं त्याच संध्याकाळी गेली.

२०२२ मध्ये गूगलने खासगी जीमेलवर नेहमीच्या पासवर्डने होणारं लॉगिन ३० मेपासून बंद केलं. मायक्रोसॉफ्टनेही ऑक्टोबरपासून आयमॅपसाठी असं लॉगिन बंद करायला सुरुवात केली. तेव्हापासून जीमेलवाल्यांना सोळा अक्षरी ॲप पासवर्ड (एखाद्या प्रोग्रामपुरता वेगळा पासवर्ड), मायक्रोसॉफ्टवाल्यांना ओऑथ, म्हणजे पासवर्डऐवजी टोकन (परवान्याची डिजिटल चिठ्ठी) देणारी पद्धत. हे पासवर्ड आणि टोकन आम्ही स्क्रिप्टमध्ये लिहीत नाही. ते वेगळ्या फाइलमध्ये असतात आणि ती फाइल फक्त स्क्रिप्टचं खातंच वाचू शकतं. ग्राहकाने आमचं काम थांबवलं, तर ॲप पासवर्ड स्वतःच्या हाताने कसा रद्द करायचा, हे आम्ही पहिल्याच दिवशी दाखवून ठेवतो.