बागा का पाळोळे? तुम्ही विचारलंत म्हणून

आमचा कोल्हापुरात, शाहूपुरीत टुरिस्ट गाड्यांचा धंदा आहे. दिवाळी सरली की गोव्याची गाडी ठरवायला पेठांतली, कॉलेजातली पोरं काउंटरला कोपरं टेकून उभी राहतात. तारीख ठरते, भाड्यावरून घासाघीस होते आणि मग त्यातला एक जण आवाज खाली आणून विचारतो, "ताई, नाइटलाइफला कुठलं बरं? बागा का पाळोळे?" हे गोव्यातले दोन किनारे, बागा उत्तरेला, पाळोळे दक्षिणेला. बाईमाणसाला हे कसं विचारायचं, असा संकोच तोंडावर दिसत असतो. मला त्याचं काही वाटत नाही. गिऱ्हाईक नाराज होऊन परत आलं की गाडीलाही शिव्या बसतात, त्यामुळं ही चौकशी माझ्याच फायद्याची आहे.

मी आधी उलटं विचारते, "जोडीनं निघालाय का निस्ती पोरंच?" बहुतेक वेळा निस्ती पोरंच असतात, आणि बागाचा निम्मा निकाल तिथंच लागतो. टिटोज लेन, म्हणजे बागाची क्लबांची गल्ली, तिच्या आसपास जोडप्यांना क्लबात शिरायला अडचण येत नाही. पोरांच्या टोळक्याला मात्र 'स्टॅग एंट्री' म्हणून वेगळा, चढा दर असतो. शनिवारी गर्दी असली तर पैसे हातात धरूनही दारातला धिप्पाड गडी मान हलवतो. रस्त्यावर "भाई, ओळखीनं आत सोडतो" म्हणणारे एजंट भेटतील, त्यांच्या नादाला लागू नका. सरळ दारावर जाऊन दोन गोष्टी विचारा: एंट्री किती, आणि त्यातलं खाण्यापिण्यात वळतं किती होतं. वय २१ च्या आत असेल तर गोव्यात दारू मिळत नाही, तेव्हा आधार कार्ड रूमवर ठेवून जाऊ नका.

एवढं सोसायची तयारी असेल तर दणका बागाचाच. एका गल्लीत चार ठिकाणची चार गाणी एकमेकांवर आदळत असतात, रात्री एक वाजताही ऑम्लेट-पाववाल्यापुढं घोळका असतो. ज्याला गर्दीत घुसल्याशिवाय सुट्टी झाल्यासारखं वाटत नाही, त्यानं दुसरीकडं जाऊच नये.

आता पाळोळे. हे खाली काणकोण तालुक्यात, पणजीहून आणखी ७० किलोमीटरच्या आसपास. आजरा-आंबोली उतरून, बांदा ओलांडून म्हापशाला पोचलात की बागा हाकेच्या अंतरावर येतं. पाळोळ्यासाठी त्याच थकलेल्या अंगानं सगळा गोवा उभा कापावा लागतो. शुक्रवारी रात्री निघून रविवारी परत येणाऱ्यांना मी पाळोळे सांगतच नाही.

पण तिथली हेडफोन पार्टी एकदा बघावी अशी आहे. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायला देशभर बंदी आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी. आपल्याकडं महाद्वार रोडवर विसर्जनाच्या मिरवणुकीत रात्री १२ ला साउंड सिस्टीम बंद करायला लावतात, तेही याच नियमातल्या सणांच्या सवलतीनं. बंद हॉलला ही बंदी नाही, म्हणून बागाच्या क्लबांचं निभावतं. पाळोळ्याला त्यावर हेडफोनचा तोडगा निघाला. प्रत्येकाच्या कानावर हेडफोन, त्यात वेगवेगळे चॅनेल, आणि ज्या चॅनेलवर तुम्ही आहात त्या रंगाचा दिवा कानावर पेटतो. निळेवाले एका तालावर, लालवाले दुसऱ्याच. मधेच हेडफोन काढला की पाय घासल्याचा आवाज, समुद्र, आणि शंभरभर माणसं बेसूर गातायत, बाकी काही नाही. मी तर बराच वेळ हेडफोन काढूनच उभी होते; फुकटात इतकं हसायला कुठं मिळतं? ही पार्टी हंगामातच असते, तीही ठरलेल्या रात्री, त्यामुळं तारीख विचारूनच गाडी बुक करा. एरवी तिथं रात्र म्हणजे शॅकमधली, म्हणजे वाळूवरच्या झोपडीवजा हॉटेलातली मेणबत्ती, मासे आणि गप्पा. ज्यांना तेच पाहिजे त्यांनी जरूर जावं. 'जाळ अन् धूर संगटच' म्हणणाऱ्यांना मात्र अकरा वाजता जांभया येतील.

पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. जूनपासून शॅक आणि किनाऱ्यावरच्या झोपड्या उतरवलेल्या असतात, पाळोळ्याला वाळू आणि कुत्री उरतात. बागाला पक्क्या भिंतींचे पब चालू असतात. समुद्रात मात्र तेव्हा कुठंच उतरायचं नाही.

तरी माझं मत विचाराल तर किनाऱ्याचं नाव दुसऱ्या नंबरावर. आधी रूम बघा. नाचून झाल्यावर चालत पोचता येईल अशी रूम असली तर दोन्हीकडं मजा आहे. पाळोळ्यात हे आपोआप जमतं, सगळंच पायाखाली. बागाला जाणारी पोरं मात्र चार पैसे वाचवायला म्हापशात रूम घेतात आणि रात्री दोनला भाड्याच्या स्कूटरवर तिघं बसून निघतात. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याची गाडी, ती लांबून ओळखू येते. पिऊन चालवताना सापडलात तर पहिल्याच वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वाचवलेलं भाडं कुठल्या कुठं जातं. बागातच, गल्लीपासून थोडी आत, रूम घ्या. महाग पडली तरी घ्या.

येताना डिकीत बाटल्या भरायच्या नाहीत, हे मी बुकिंगच्या वेळीच सांगते. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि त्यात गाडीही जप्त होते. माझी.

आणि रात्री ड्रायव्हरमामांना फोन करून "मामा, जरा कळंगुटला सोडता का" म्हणू नका. ते झोपलेले असतात, कारण सकाळी धुक्यात आंबोली त्यांनाच चढवायची असते.