कॉलरवर लिहिलेली पत्रं

आजचा अख्खा दिवस १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोत गेला. म्हणजे बसले होते लॅपटॉपसमोरच, पण डोळे तिथे.

१८ एप्रिल, पहाटे ५ वाजून १२ मिनिटं. भूकंप मिनिटभराचा, खरा घास घेतला तो नंतरच्या आगीने. सुमारे २८,००० इमारती गेल्या. जॉर्ज लॉरेन्सने पतंगांच्या माळेला कॅमेरा बांधून वरून टिपलेला फोटो आता मोठ्या स्कॅनमध्ये बघता येतो. मी झूम करत गेले. भिंती उभ्या, छपरं नाहीत, आणि मधून सरळसोट रस्ते. चहा गार झाला.

पोस्टाने तेव्हा विनातिकीट पत्रं घेतली. कागद नव्हता, म्हणून लोकांनी शर्टाच्या सुट्या कॉलरवर, लाकडाच्या तुकड्यावर लिहिलं. आता हे स्कॅन कसं करायचं, सांगा! कॉलरला बाक असतो, काच दाबली तर मोडायची.

सिटी हॉलसोबत जन्मनोंदीही जळाल्या, आणि अनेक चिनी लोकांना ‘आमचा जन्म इथलाच, म्हणजे आम्ही इथलेच नागरिक’ असं सांगायची वाट मिळाली. खोटं ठरवायला कागदच नव्हता! मला तर हसू आलं.

मृतांचा अधिकृत आकडा मात्र कित्येक वर्षं पाचशेच्याही आतच. यादी मागायला लोक ग्रंथालयात यायचे आणि ग्लॅडिस हॅन्सन या ग्रंथपाल बाईंकडे द्यायला यादीच नव्हती. मग त्यांनीच एकेक नाव गोळा करायला घेतलं. आकडा ३,००० च्या पुढे गेला.

एक पत्र अर्धंच लागलंय. शाई फुटलीये. उद्या परत बसते.