दिनविशेष आणि पाऊणपट

शाळेत दिनविशेषाचा फळा माझ्याकडे होता. अक्षर बरं म्हणून गुरुजींनी गळ्यात घातलेलं काम. पावसाळ्यात आमच्याकडे खडू सुद्धा सर्दावतो. फळ्यावर लिहिलं की आधी नुसती ओली रेघ दिसायची, आणि प्रार्थना संपेपर्यंत अक्षरं हळूहळू पांढरी व्हायची.

एक ऑगस्टचा मजकूर पाठच होता : लोकमान्य टिळक पुण्यतिथी, अण्णाभाऊ साठे जयंती. टेबलावर दोन तसबिरी, दोघांना तगरीचे हार. टिळक तर आमच्या रत्नागिरीचेच, त्यामुळे त्यांचा हार बोटभर लांब असायचा. मला मात्र वेगळंच कोडं पडायचं. एक १ ऑगस्ट १९२० ला गेले, दुसरे १ ऑगस्ट १९२० ला आले. इकडे मुंबईत सरदारगृहात मध्यरात्र उलटल्यावर टिळकांनी प्राण सोडले, तिकडे वाटेगावात अण्णाभाऊंचा जन्म. दोघं वाटेत कुठेतरी भेटले असणार, आणि टिळकांनी जाताजाता काहीतरी बजावलं असणार, अशी माझी खात्री होती. गांधीजींचं असहकार आंदोलनही त्याच दिवशी सुरू झालं, हे फार पुढे वाचलं. फळ्यावर तेवढी जागा नव्हती.

पण एक ऑगस्टसारखी तारीख क्वचितच. बाकी दिनविशेष म्हणजे एसटीतले सहप्रवासी. सीट एक, पण चढले वेगळ्या थांब्यावर, उतरणार वेगळ्या. २३ जुलै घ्या. १८५६ साली टिळक जन्मले, बरोबर पन्नास वर्षांनी १९०६ साली चंद्रशेखर आझाद, आणि १९२७ साली त्याच तारखेला मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं. कॅलेंडरच्या एका चौकोनात तिघांना दाटीवाटीने बसवलं, एवढाच त्यांचा संबंध. तरी वाचताना गंमत वाटतेच, का ते सांगता येत नाही.

उलट खरोखर शेजारी असलेल्या गोष्टी एका दिवसाने हुकतात आणि कुणी त्यांची जोडी लावत नाही. १७ जुलै १९४७ ला, अमावास्येच्या तोंडावर, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. दुसऱ्याच दिवशी, १८ जुलैला, लंडनमध्ये भारताच्या स्वातंत्र्याच्या कायद्यावर राजाची मोहोर उमटली. अलिबागच्या बाजूला ज्या घरांतलं माणूस परतलं नाही, त्यांना त्या आठवड्यात ही बातमी कुणी वाचून दाखवली असेल का?

गेल्या वर्षी एक ऑगस्टला गावी होतो. खाडी ओलांडायची होती. होडीवाले मामा धक्क्यावर बसून सुतळी वळत होते. समोर रंग दिलेल्या होड्या अजून शाकारलेल्याच.

"मामा, मासेमारीची बंदी कालच उठली ना? एक जून ते एकतीस जुलै?"

"ती सरकारची तारीख. आम्ही नारळी पुनवेला नारळ देणार, मग बघू."

होडी सुटायला अवकाश होता, म्हणून मी त्यांना आपलं जुनं कोडं सांगितलं. एकाच दिवशी एक गेले, एक आले. मामांनी सुतळी थांबवली.

"तिथी कुठची होती?"

मला काय माहीत! पुण्यतिथी पुण्यतिथी म्हणतो आपण, आणि पाळतो तारखेने. हे माझ्या इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

"मग भरती किती वाजता होती ते कसं कळणार?" मामा म्हणाले आणि पुन्हा सुतळीला लागले. त्यांच्या दृष्टीने गोष्ट तिथे संपली.

त्यांचा हिशेब साधा. तिथीची पाऊणपट करायची, पूर्ण भरतीची वेळ येते. सप्तमी असेल तर सव्वापाच, अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. थोडं इकडेतिकडे होतं, पण होडी चिखलात रुतू नये इतकं नक्की कळतं. तारखेवरून एवढं सुद्धा कळत नाही.

घरी येऊन मी राज्याभिषेक काढला. ६ जून १६७४. याच तारखेला १९४४ साली दोस्तांची फौज नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरली, आणि दिनविशेषात दोन्ही एकाखाली एक असतात. पण शिवरायांचा तो सहा जून जुन्या ज्युलियन कॅलेंडरचा. इंग्रजांनी नवं कॅलेंडर घेतलं १७५२ साली, दोन सप्टेंबरनंतर एकदम चौदा सप्टेंबर करून. आजच्या मापाने राज्याभिषेक येतो १६ जूनला. म्हणजे ही जोडी मुळात जोडीच नाही! तिथी मात्र जागची हलत नाही : ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. रायगडावर सोहळे दोन्ही होतात, तारखेचा आणि तिथीचा. यावरून माणसं भांडतात, ते सोडा. मला एकदम पाऊणपट आठवली.

तेराची पाऊणपट पावणेदहा.

पुढच्या खेपेला होडीत बसल्या बसल्या मामांना सांगितलं, की राज्याभिषेकाच्या दिवशी रायगडाच्या बाजूला आत जाणाऱ्या बाणकोटच्या खाडीत पावणेदहाच्या सुमाराला भरती होती. त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं, मान हलवली.

"म्हणजे होड्या पार महाडापर्यंत गेल्या असतील," ते म्हणाले. "बरं झालं."