रात्री हाताला मुंग्या येतात? आधी करंगळी बघा

आमच्याकडे हात बधिर झाला की निदान ठरलेलं, "मानेचं असेल" नाहीतर "हात अंगाखाली आला असेल", आणि उपाय म्हणजे तिळाचं तेल कोमट करून चोळा. माझ्या मोठ्या जाऊबाई घरी ब्लाऊज शिवतात, दिवसभर कात्री आणि मशीन, त्यात दोन वेळची कणीक, आणि रात्री अडीच-तीनला उठून पलंगावर हात झटकत बसायच्या. झटकलं की जरा बरं वाटायचं. ही कार्पल टनेलची, म्हणजे मनगटात नस चेपली जाण्याच्या त्रासाची, एकदम टिपिकल खूण आहे बरं का.

मनगटात तळव्याच्या बाजूला हाडांचा छोटासा बोगदा असतो, त्यावर जाड लिगामेंटचा पट्टा, आणि तेवढ्याशा जागेतून बोटं वाकवणारे 9 टेंडन (स्नायूंच्या दोऱ्याच म्हणा) आणि एक मीडियन नस, म्हणजे सकाळची विरार लोकलच. जरा सूज आली की नस चेपलीच. ही नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळते, करंगळी तिच्या खात्यात नाहीच! म्हणून मुंग्या येतील तेव्हा नेमकी कुठली बोटं ते बघून ठेवा, फक्त करंगळीकडे होत असेल तर भानगड बहुतेक कोपरात किंवा मानेत असते.

आता उपाय. झोपेत आपण मनगट दुमडून गालाखाली नाहीतर उशीखाली घालतो आणि बोगद्यातलं प्रेशर वाढतं, त्यामुळे सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट, मेडिकलमध्ये मिळतो. पण विकत आणून तसाच बांधू नका, त्यात आत एक धातूची पट्टी असते, ती बऱ्याचदा वरच्या बाजूला वाकवलेली येते, ती काढून सरळ करून परत घालायची. जाऊबाईंची पट्टी मी पाट्यावर ठेवून वरवंट्याने सरळ केली 😄 बेल्ट करकचून आवळायचा नाही, नाहीतर आपणच नस दाबतोय. वेल्क्रो गोधडीला चिकटतो, चिडचिड होते, तरी निदान सहा आठवडे रोज रात्री घालाच.

दिवसा मग मनगट वाकवून जोर लावायची कामं जरा वाटून घ्या, कणीक सैलसर भिजवून झाकून ठेवली की मळायला कमी जोर लागतो, पिळे घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी पिळू देत की! आडवं पडून मोबाईल धरणं बंद. बोटं सरळ, मग हुकासारखी, मग मूठ असा हळूहळू व्यायाम करायचा, मुंग्या वाढल्या तर थांबायचं. तेल चोळा, बरं वाटतं, पण त्याने बोगदा काही मोठा होत नाही, आणि दुखऱ्या मनगटावर अंगठ्याने रगडून मालिश तर नकोच.

थायरॉईड आणि शुगर मात्र तपासून घ्या, मूळ तिथं असेल तर नुसत्या स्प्लिंटने भागत नाही. गरोदरपणात अंगावर सूज येते तेव्हाही हे होतं, बाळंतपणानंतर बहुतेक वेळा आपोआप जातं. आणि कोणी सांगितलं म्हणून व्हिटॅमिन बी6 च्या गोळ्या महिनोन्महिने खात बसू नका, जास्त झालं तर त्यानेच नसा खराब होतात, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

घरगुती उपायांना एक हद्द आहे. कप हातातून सुटायला लागला, ब्लाऊजचे हुक लागेनात, बोटं दिवसभर बधिरच राहायला लागली किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा बसलेला दिसला की सरळ डॉक्टरकडे जा, ते गरज वाटली तर एनसीव्ही टेस्ट करतात, म्हणजे नसेतून करंट किती वेगात जातो ते मोजतात, पुढे इंजेक्शन किंवा बोगद्यावरचा तो लिगामेंटचा पट्टा कापायचं छोटं ऑपरेशन, बहुतेक वेळा तेवढाच हात बधिर करून होतं आणि त्याच दिवशी घरी सोडतात. ऑपरेशन नको म्हणून वर्षभर तेल चोळत बसलात तर स्नायू वाळतात, आणि ते मग ऑपरेशन करूनही पूर्ण भरून येतीलच असं नाही.