ब्लेचली पार्क: पिक्चर बघून जाताय तर आधी हे वाचा

'द इमिटेशन गेम' (दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश फोडणाऱ्या गणितज्ञ ॲलन ट्युरिंगवरचा पिक्चर) बघून ब्लेचलीला, म्हणजे इंग्लंडमध्ये ते काम जिथे चालायचं तिथे, जायचं डोक्यात असेल तर पहिली गोष्ट, पिक्चरमधलं ते गरगर फिरणारं मशीन ब्लेचली पार्कच्या तिकिटात येत नाही. परत वाचा, येत नाही! त्या मशीनचं नाव बॉम्ब (फुटणारा नव्हे), एनिग्मा या जर्मन सायफर मशीनचे संदेश फोडायला वापरायचे. चालू स्थितीतलं बॉम्ब मशीन (जुन्यावरून नव्याने बनवलेलं) २०१८ पासून मागच्या बाजूला नॅशनल म्युझियम ऑफ कम्प्युटिंगमध्ये आहे. आवार तेच पण तिकीट वेगळं, आणि ते रोज उघडं नसतं.

आम्हाला लंडनच्या एका टूरवाल्याने 'मशीन दाखवणार' सांगून दणदणीत पैसे घेतले, पार्काच्या गेटवर सोडलं आणि साडेतीनला इथेच या म्हणाला. मशीन कुठंय विचारलं तर म्हणे कुठल्यातरी हटमध्ये (युद्धकाळातल्या बैठ्या बराकी) असेल. हट ११ कडे गेलो, तिथे बॉम्बची माहिती भरपूर, चालणारं मशीन नाही. शेवटी तिथल्या एका आजोबांनी रस्ता दाखवला, दुसरं तिकीट काढलं, आणि खरं सांगतो सगळा राग तिथेच संपला (टूरवाल्यावरचा सोडून).

मशीन चालू केलं की इचलकरंजीत यंत्रमागांच्या गल्लीतून चालल्यासारखं वाटतं. १०८ रंगीत ड्रम, तीन-तीनच्या उभ्या जोड्या, वरचा सतत फिरतोय. मागे जाऊन नक्की बघा, मनगटाएवढ्या केबली कशाला काय जोडायचं त्या आकृतीप्रमाणे खोचलेल्या असतात. आणि एनिग्माची संभाव्य सेटिंग सापडली की मध्येच खाडकन थांबतं. डेमो देणाऱ्या बाई शांतपणे अक्षरं कागदावर उतरवतात आणि परत चालू करतात, कारण बरेचसे थांबे फुसके निघतात. पिक्चरमध्ये एकदा थांबलं की सगळे मिठ्या मारतात, खऱ्या युद्धात पोरींनी शिफ्ट लावून रात्रंदिवस हेच केलं.

पिक्चरने अजून काय काय गंडवलंय. एकच मशीन, ट्युरिंगने एकट्याने बनवलेलं, नाव क्रिस्टोफर. प्रत्यक्षात पहिलं मार्च १९४० मध्ये आलं, नाव व्हिक्टरी, बनवलं लेचवर्थच्या कारखान्यात, आणि युद्ध संपेपर्यंत अशी सुमारे २०० झाली. त्याचा वेग वाढला तो ब्लेचलीतल्याच गॉर्डन वेल्चमन या गणितज्ञाच्या डायगोनल बोर्डमुळे (मशीनमध्ये घातलेली जादा जोडणी), आणि हा माणूस पिक्चरमध्ये औषधालाही नाही. त्याच्याही आधी, १९३२ मध्येच, पोलंडच्या रेयेव्स्कीने एनिग्मा फोडलं होतं. पोलिश गणितज्ञांचं स्मारक पार्कात कॉटेजेसजवळ आहे, लोक सेल्फी काढत पुढे जातात, तुम्ही थांबा.

लोकेशनवाल्यांसाठी: बारचा सीन इथल्या मॅन्शनमध्येच झालाय, पण बाहेरून दिसणारी हवेली ऑक्सफर्डशायरमधली दुसरीच. मॅन्शनसमोर उभं राहून 'हे तर वेगळंच दिसतंय' म्हणत बसू नका.

आता कामाचं. टूर घेऊ नका, पैसे पाण्यात. युस्टनहून ब्लेचलीला थेट ट्रेन आहे, तासाच्या आत पोचता, सकाळची ऑफिसची गर्दी टाळली तर तिकीटही स्वस्त पडतं, आणि स्टेशनवरून गेट चालत पाच मिनिटांवर, टॅक्सीवाल्याच्या नादी लागू नका. जायच्या आधी कम्प्युटिंग म्युझियमचे वार आणि बॉम्बचा डेमो कधी आहे ते बघा आणि मगच तारीख ठरवा, उलटं नाही. पोचल्यावर आधी तिकडेच जा. कोलोसस हे कोड फोडायचं दुसरं मशीनही (तेही नव्याने बनवलेलं) तिथेच आहे, टॉमी फ्लॉवर्स या इंजिनिअरचं, ते एनिग्मासाठी नव्हतं, लॉरेन्झ या दुसऱ्या जर्मन सायफर मशीनसाठी होतं, पण खोलीभर पसरलेल्या त्या व्हॉल्व्हच्या उबेत उभं राहायला थंडीत बरं वाटतं. मग उरलेला दिवस पार्काला. हट ८ मध्ये ट्युरिंगची खोली आणि साखळीने रेडिएटरला बांधलेला कप बघितला की बाकीचे हट भरभर उरका. पार्काचं तिकीट वर्षभर चालतं, लंडनमध्ये राहणाऱ्यांना चंगळ, आपल्यासारख्या भारतातून गेलेल्यांना त्याचा काही उपयोग नाही.

साडेतीनची बस आम्ही सोडून दिली, ट्रेनने परत आलो. त्या टूरवाल्याला रिफंडसाठी मेल टाकलाय, अजून उत्तर नाही.